नावे उलटताना निकाल उलटले : बुद्धिबळाच्या ८३ डावांची नोंद आणि एक मॅक्रो

आमच्या तालुक्याच्या गावी मुलांसाठी चालणाऱ्या बुद्धिबळ वर्गाने एका हंगामातील सगळ्या डावांची पुस्तिका छापायचे ठरवले, आणि डावांच्या नोंदी एकसारख्या करून देण्याचे काम माझ्याकडे आले. एकूण २१४ डाव होते. त्यांपैकी १३१ डाव मुले लीचेस या संकेतस्थळावर खेळली होती, त्यामुळे त्यांची नोंद तयार मिळाली. उरलेले ८३ डाव दर रविवारी वर्गात समोरासमोर खेळले गेले होते. मुलांनी ते स्कोअरशीटवर हाताने लिहिले होते आणि पालकांनी वेळ मिळेल तसे संगणकावर किंवा मोबाइलवर टंकून पाठवले होते. हा लेख मुख्यतः या ८३ डावांविषयी आहे. ते नीट करण्यासाठी मी विम या मजकूर संपादित करण्याच्या प्रणालीत एक कीबोर्ड मॅक्रो, म्हणजे पुन्हा पुन्हा आपोआप चालवता येणारी कळांची मालिका, नोंदवला. त्या मॅक्रोने १६ डावांच्या विजेत्यांना पराभूत ठरवले जाईल अशी वेळ आणली. तसे कसे झाले, ते कसे लक्षात आले आणि दुसऱ्या वेळी मॅक्रो कसा बांधला, हे सर्व शक्य तितक्या नेमकेपणाने लिहून ठेवत आहे. विमच्या कळा आणि नोंदीतील टॅग यांची नावे येथे देवनागरीत दिली आहेत. प्रत्यक्ष फाइलमध्ये ती अर्थातच रोमन लिपीत आहेत.

नोंदीचे स्वरूप

बुद्धिबळाचे डाव संगणकावर साठवण्यासाठी जगभर पीजीएन हे स्वरूप वापरले जाते. स्टीव्हन एडवर्ड्स यांनी १९९३ मध्ये ते सुचवले. ते साधा मजकूर असते, म्हणजे कोणत्याही संपादकात उघडते, आणि माणसालाही वाचता येते. प्रत्येक डावाचे दोन भाग असतात. वरच्या भागात चौकटी कंसांतले टॅग, म्हणजे माहितीचे नाव आणि त्यापुढे अवतरणचिन्हांत ती माहिती, असतात, एका ओळीवर एक. त्यांतले सात अनिवार्य मानले जातात आणि त्यांचा क्रमही ठरलेला आहे : इव्हेंट, साइट, डेट, राउंड, व्हाइट, ब्लॅक, रिझल्ट (स्पर्धा, स्थळ, तारीख, फेरी, पांढऱ्याचा खेळाडू, काळ्याचा खेळाडू, निकाल). मग एक रिकामी ओळ, आणि खाली चाली. चालींच्या अगदी शेवटी निकाल पुन्हा लिहावा लागतो; पांढरा जिंकला तर १-०, काळा जिंकला तर ०-१, बरोबरी झाली तर १/२-१/२. एकच निकाल दोन ठिकाणी लिहिण्याची ही पद्धत मला पूर्वी अनावश्यक वाटत असे. या प्रकरणात तिनेच आम्हाला तारले.

लीचेसवरून घेतलेल्या १३१ डावांचे काम सोपे होते, कारण यंत्राने लिहिलेली नोंद पहिल्यापासून शेवटपर्यंत एकाच रीतीची असते. प्रत्येक चालीमागे महिरपी कंसात घड्याळातली उरलेली वेळ होती, ती छापायची नव्हती. पण प्रशिक्षकांनी काही डावांत स्वतःच्या मराठी टिपाही महिरपी कंसातच लिहिल्या होत्या, कारण पीजीएनमध्ये भाष्य सहसा तिथेच लिहितात. म्हणून सरसकट सर्व महिरपी कंस उडवून चालणार नव्हते; ज्या कंसात घड्याळाची खूण आहे तेवढेच काढायचे होते. हे काम शोध-बदलाच्या एका आज्ञेत झाले. वेळेची नोंद निघून गेल्यावर काळ्याच्या चालीआधी उरणारा तीन टिंबांचा क्रमांकही अनावश्यक होतो, मात्र पांढऱ्या आणि काळ्या चालीच्या मध्ये भाष्य असेल तर तो ठेवावा लागतो. म्हणून ज्यांच्या लगेच आधी महिरपी कंस संपत नाही तेवढेच तीन टिंबांचे क्रमांक काढले. या १३१ डावांना मॅक्रो लागला नाही आणि तो वापरण्याचे कारणही नव्हते. जिथे सर्वत्र एकच नमुना आहे तिथे शोध-बदल हेच योग्य साधन, असे माझे मत आहे.

टंकलेल्या ८३ डावांची गोष्ट वेगळी होती. ते कित्येक वेगवेगळ्या हातांनी लिहिलेले होते. मोबाइलवर टंकलेल्या फाइलींत सरळ अवतरणचिन्हांऐवजी वक्र चिन्हे आली होती. कुठे खेळाडूचे नाव एकाच शब्दात होते. तारखा आपल्या सवयीप्रमाणे दिवस-महिना-वर्ष अशा होत्या, तर पीजीएनला वर्ष, महिना, दिवस हा क्रम आणि मध्ये टिंबे लागतात. नावे ‘नाव आडनाव’ अशी होती, आणि पीजीएनची शिस्त आधी आडनाव, स्वल्पविराम आणि मग नाव अशी आहे. पुस्तिकेच्या शेवटी आडनावांनुसार सूची द्यायची असल्याने ती शिस्त आम्हाला पाळायचीच होती. वक्र चिन्हे मी आधी सरळ केली, एकशब्दी नावे स्कोअरशीट पाहून पूर्ण केली आणि नावे उलटण्याच्या कामाला लागलो.

पहिला मॅक्रो

विममध्ये मॅक्रो नोंदवणे फार सोपे आहे. क्यू ही कळ दाबायची, मग ज्या रजिस्टरात, म्हणजे मजकूर साठवण्याच्या कप्प्यात, साठवायचे त्याचे अक्षर, आणि त्यापुढे जे काही दाबाल ते सर्व नोंदले जाते. पुन्हा क्यू दाबले की नोंद थांबते. अ‍ॅट चिन्ह आणि तेच अक्षर दाबले की त्या सर्व कळा त्याच क्रमाने पुन्हा दाबल्या जातात, आणि आधी आकडा दिला तर तितक्या वेळा. एखादे काम आपण एकदा हाताने करून दाखवावे आणि संगणकाने ते तसेच गिरवावे, इतकी ही सरळ कल्पना आहे. शोधाचे सांकेतिक नमुने न जाणणाऱ्या माणसालाही ती समजते, आणि वर्गातील दुसऱ्या कार्यकर्त्यालाही पुढच्या हंगामात हे काम करता यावे म्हणून मी ती निवडली होती.

पहिल्या डावावर मी पुढीलप्रमाणे काम करून दाखवले. इव्हेंटच्या ओळीवर कर्सर. तिथून चार ओळी खाली, म्हणजे व्हाइटची ओळ. ओळीच्या आरंभी जाऊन पुढच्या अवतरणचिन्हापर्यंत उडी आणि एक घर उजवीकडे, म्हणजे नावाचे पहिले अक्षर. डी-आय-डब्ल्यू या आज्ञेने तो पहिला शब्द कापून एन या रजिस्टरात ठेवला. एक्सने त्यामागची मोकळी जागा काढली. मग बंद होणाऱ्या अवतरणचिन्हावर उडी, त्याच्या आधी स्वल्पविराम व मोकळी जागा, आणि कंट्रोल-आर व एन दाबून कापलेले नाव तिथे उतरवले. एक ओळ खाली, म्हणजे ब्लॅक, आणि तिथे तेच सर्व पुन्हा. शेवटी पुढच्या इव्हेंटचा शोध, म्हणजे कर्सर पुढच्या डावाच्या माथ्यावर.

दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या डावावर मॅक्रो एकेकदा चालवून पाहिला. तिन्ही ठिकाणी नावे बरोबर उलटली. मग फाइल पुन्हा पहिल्यासारखी उघडली आणि आरंभापासून १०० हा आकडा देऊन तो चालवला. डाव ८३च असले तरी फाइल संपल्यावर पुढचा इव्हेंट सापडणार नाही, शोध फसेल आणि मॅक्रो आपोआप थांबेल, असे मी धरून चाललो होतो. विममध्ये एखादी आज्ञा फसली की चालू मॅक्रो तिथेच खुंटतो, हे खरे आहे. पण शोध फाइलीच्या शेवटी पोहोचला की मूळ मांडणीप्रमाणे तो वळून पुन्हा आरंभापासून सुरू होतो, आणि म्हणून तो फसत नाही. त्यामुळे ८३ डाव झाल्यावर मॅक्रो पहिल्या डावाकडे परतला आणि पहिल्या १७ डावांवर दुसऱ्यांदा फिरला. तिथे आडनाव पुन्हा मागे गेले आणि प्रत्येक नावाआधी एक मोकळी जागा उरली. फाइलीच्या माथ्यावरच हे दिसल्याने लगेच लक्षात आले. फाइल न साठवता पुन्हा उघडली, नेमका ८३ हा आकडा दिला, मॅक्रो चालला आणि थांबला. आरंभीचे डाव पाहिले, मधले काही पाहिले. ठीक दिसले. फाइल साठवली.

पुढे डाव चाळत असताना रिझल्टच्या काही ओळी विचित्र दिसल्या. तिथे ०-१ किंवा १-० असे नसून दोन आकड्यांमध्ये स्वल्पविराम आणि मोकळी जागा होती : ‘०, १’ किंवा ‘१, ०’. पालकांपैकी कोणी तरी संयोगचिन्हाऐवजी स्वल्पविराम टंकला असावा, असा निष्कर्ष मी काढला. तारखा, अवतरणचिन्हे आणि नावे इतक्या तऱ्हांनी आलेली होती की ही आणखी एक तऱ्हा मला अस्वाभाविक वाटली नाही. एका शोध-बदलाने मी सर्वत्र स्वल्पविरामाच्या जागी संयोगचिन्ह घातले. तीन डावांत ‘२-१/२, १’ असे काही तरी होते. ती बरोबरी असणार हे उघड होते, म्हणून ती हाताने दुरुस्त केली. या क्षणी चूक कायमची झाली, कारण दिसणारी खूण मी स्वतःच्या हाताने पुसली होती.

चूक कशी उघडी पडली

पुस्तिकेची तपासणीची मुद्रिते वर्गात आणली तेव्हा मुलांनी आपापली पाने शोधली. एक मुलगी पान घेऊन माझ्याकडे आली आणि म्हणाली, “काका, हा डाव मी हरले नव्हते. वजिराने मात दिली होती, बघा ना इथे.” तिने बोट ठेवलेली ओळ डावातील शेवटची होती. पांढऱ्याच्या वजिराची चाल, तिच्यापुढे मातेची खूण, आणि तिच्यापुढे १-०. त्याच पानाच्या माथ्यावर, तिच्या नावाखाली, ठळक अक्षरांत ०-१ छापलेले होते.

बारा-तेरा वर्षांच्या मुलीला स्वतःचा जिंकलेला डाव छापील पानावर हरलेला दिसणे ही लहान गोष्ट नाही. तिने स्कोअरशीट लिहिले होते, प्रतिस्पर्ध्याने त्यावर सही केली होती, आणि त्या कागदाचा मान राखणे एवढेच आमचे काम होते. ‘छपाईत चूक झाली असेल’ असे म्हणून एक पान बदलणे सोपे होते. पण एका डावात असे झाले असेल तर ते का झाले हे कळल्याशिवाय दुसऱ्या कोणत्याही पानावर विश्वास ठेवता येत नव्हता.

त्या डावाची पालकांनी पाठवलेली मूळ फाइल उघडली. तिथे निकाल बरोबर होता, १-०. फरक दुसऱ्याच गोष्टीत होता. त्या फाइलीत राउंडचा टॅग नव्हता. वर्गातील खेळाला फेरीचा क्रमांक नेहमी नसतो, म्हणून टंकणाऱ्याने ती ओळ साहजिकच गाळली होती. यावरून सर्व उलगडले. इव्हेंटपासून चार ओळी खाली गेल्यावर या डावात व्हाइट नव्हे, ब्लॅक लागत होता. मॅक्रोने काळ्याचे नाव उलटले, मग एक ओळ खाली गेला, आणि ती ओळ रिझल्टची होती. तिथे अवतरणचिन्हानंतरचा पहिला ‘शब्द’ म्हणून त्याने १ हा आकडा कापला, नावामागची मोकळी जागा समजून संयोगचिन्ह काढले, उरलेल्या शून्यापुढे स्वल्पविराम घातला आणि कापलेला १ उतरवला. १-० चे ‘०, १’ झाले. बरोबरीच्या डावात १/२-१/२ मधला पहिला १ आणि तिरकी रेघ गेली आणि ‘२-१/२, १’ उरले. एकही आज्ञा फसली नाही. अवतरणचिन्ह होते, कापायला शब्द होता, काढायला एक चिन्ह होते; मॅक्रोला अडण्याचे काही कारणच मिळाले नाही.

विममध्ये एखादा नमुना फाइलीत किती वेळा येतो हे काही न बदलता मोजता येते. बदलाच्या आज्ञेला शेवटी एन हे अक्षर जोडले की ती केवळ आकडा सांगते. मी तेव्हा ते केले. इव्हेंट ८३, व्हाइट ८३, ब्लॅक ८३, रिझल्ट ८३, राउंड ६४. म्हणजे १९ डावांत राउंड नव्हता. त्यांतले तीन बरोबरीचे, आणि उरलेल्या १६ डावांचा निकाल माझ्या शोध-बदलानंतर नेमका उलटा झालेला. ही मोजणी एका मिनिटाची आहे. ती मॅक्रो नोंदवण्याच्या आधी करायची होती.

तपासताना आणखी एक दोष सापडला. काही पालकांनी मुलाचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव असे तिन्ही लिहिले होते. पहिला शब्द शेवटी नेण्याच्या रीतीने अशा ठिकाणी वडिलांचे नाव आडनावाच्या जागी आले होते आणि सूचीत ती मुले वडिलांच्या नावाच्या अक्षराखाली लागली होती. मी ज्या चार डावांवर मॅक्रो करून पाहिला त्या सर्वांत दोनशब्दी नावे आणि पूर्ण सात टॅग होते. म्हणजे चाचणी झाली होती ती केवळ सोप्या डावांची.

निकाल परत मिळवणे

मूळ फाइली माझ्याकडे होत्या, पण मधल्या काळात सर्व डाव तारखेनुसार लावले गेले होते आणि चालींमधल्या टंकनाच्या चुकाही हाताने सुधारल्या होत्या. मागे जायचे म्हणजे ते सर्व पुन्हा करायचे. त्यापेक्षा प्रत्येक डावाच्या पोटातच असलेला पुरावा वापरणे बरे, असे ठरवले. चालींच्या शेवटी लिहिलेल्या निकालाला मॅक्रोने स्पर्श केलेला नव्हता, कारण तो कंसाच्या ओळीत नव्हताच.

दुरुस्तीचा मॅक्रो असा होता : पुढची रिझल्टची ओळ शोध, तिथे झेड अक्षराची खूण ठेव, ज्या ओळीचा शेवट तीन निकालांपैकी एकाने होतो अशी पुढची जागा शोध, तो निकाल आर रजिस्टरात घे, झेडच्या खुणेवर परत ये, अवतरणचिन्हांमधला मजकूर बदलून तिथे आर रजिस्टर उतरव. रिझल्टची ओळ चौकटी कंसाने संपते, म्हणून दुसरा शोध त्याच ओळीवर अडकत नाही.

पण या वेळी चालवण्याआधी मोजले. ओळीच्या शेवटी निकाल असलेल्या जागा ८१ निघाल्या. दोन डावांत शेवटचा निकाल लिहायचाच राहिला होता. तसाच मॅक्रो चालवला असता तर त्या दोन डावांना पुढच्या डावाचा निकाल चिकटला असता, आणि पुन्हा एकही आज्ञा फसली नसती. दोन्ही स्कोअरशीट काढून ते निकाल हाताने लिहिले, मोजणी ८३ झाली, मग मॅक्रो चालवला. नंतर आधीची आणि नंतरची फाइल शेजारी ठेवून फरक पाहिला : बदललेल्या ओळी १६, सर्व रिझल्टच्या. त्यानंतरही त्या १९ डावांची मूळ स्कोअरशीट काढून एकेक निकाल सह्यांशी ताडून पाहिला. यंत्राने यंत्राची साक्ष देण्यापेक्षा मुलांच्या हातचा कागद पाहणे मला आवश्यक वाटले.

दुसरा मॅक्रो

नावांचे काम नव्याने करताना मी एकच कसोटी धरली. मॅक्रोतील प्रत्येक हालचाल अशी असली पाहिजे की फाइल माझ्या समजुतीप्रमाणे नसेल तर ती फसावी. ‘चार ओळी खाली जा’ ही हालचाल जवळजवळ कधीच फसत नाही. कुठे तरी पोहोचतेच. ‘व्हाइटची ओळ शोध’ ही हालचाल योग्य जागी पोहोचते किंवा फसते. पहिल्या प्रकारची पावले गतीसाठी बरी वाटतात, पण त्यांतून झालेली चूक शांतपणे पुढे सरकते.

म्हणून सर्वप्रथम शोध फाइलीच्या शेवटी वळून येणार नाही अशी मांडणी केली. मग शोधाचा नमुनाच कडक केला : ओळीचा आरंभ, चौकटी कंस, व्हाइट किंवा ब्लॅक, लगेच मोकळी जागा आणि अवतरणचिन्ह, आत किमान दोन शब्द, आणि स्वल्पविराम कुठेही नाही. व्हाइटनंतर लगेच अवतरणचिन्ह मागितल्यामुळे खेळाडूच्या मानांकनाचा टॅग, ज्याचे नावही व्हाइटनेच सुरू होते, त्या जाळ्यात येत नाही. स्वल्पविराम नको असल्यामुळे एकदा उलटलेले नाव पुन्हा सापडत नाही, आणि म्हणून मॅक्रो चुकून दोनदा चालला तरी दुसऱ्यांदा त्याला करायला काही उरत नाही. माझ्या दृष्टीने हा या मॅक्रोचा सर्वांत मोलाचा गुण आहे. पहिल्या प्रयत्नात १७ डावांवर जी फेरी अनर्थ करून गेली, ती येथे निरुपद्रवी ठरते.

कापण्याची रीतही बदलली. पहिला शब्द मागे नेण्याऐवजी ओळीच्या टोकाला जाऊन मागे शेवटच्या मोकळ्या जागेवर उडी घ्यायची, ती जागा काढायची, तिथून अवतरणचिन्हापर्यंतचा शब्द, म्हणजे आडनाव, एस रजिस्टरात कापायचा, ओळीच्या आरंभी जाऊन पहिल्या अवतरणचिन्हानंतर तो उतरवायचा आणि त्यापुढे स्वल्पविराम व मोकळी जागा टंकायची. अशाने नाव दोन शब्दांचे असो वा तीन, आडनाव तेवढे पुढे येते.

एक अडचण मात्र कोणत्याही मॅक्रोने सुटणारी नव्हती. शाळेच्या हजेरीपटावर आणि गुणपत्रिकेवर आपल्याकडे आडनाव आधी लिहितात, आणि काही पालकांनी त्याच सवयीने टंकले होते. अशा नावात शेवटचा शब्द आडनाव नसून वडिलांचे नाव असतो. कित्येक शब्द आपल्याकडे नाव म्हणूनही येतात आणि आडनाव म्हणूनही येतात, त्यामुळे हे ओळखायला त्या मुलाला ओळखणारा माणूसच लागतो. व्हाइट आणि ब्लॅकच्या सर्व १६६ ओळींतील नावे वेगळ्या फाइलीत घेऊन, क्रमाने लावून, एकसारखी एकदाच ठेवली. मुले २२ आणि नावे ३१ निघाली, कारण एकाच मुलाचे नाव दोन-तीन तऱ्हांनी आलेले होते. वर्गाच्या बाईंसमोर ती यादी ठेवली. त्यांनी पेन्सिलीने तीन नावांवर ‘आडनाव आधी’ अशी खूण केली आणि प्रत्येक मुलाचे एक रूप ठरवून दिले. ती रूपे फाइलीत भरल्यावर मॅक्रो चालवला. या वेळी २०० हा आकडा निर्धास्तपणे दिला. १६६ ओळी झाल्या, आणि त्यानंतर पडद्याच्या तळाशी ई३८५ हा संदेश आला, म्हणजे शोध फाइलीच्या तळाला पोहोचला आणि नमुना सापडला नाही. पहिल्या वेळी ज्या थांबण्यावर मी विसंबलो होतो ते आता खरोखर घडले.

नोंदवलेला मॅक्रो म्हणजे रजिस्टरातला साधा मजकूर असतो, ही विमची सोय येथे फार उपयोगी पडली. तो फाइलीत उतरवून डोळ्यांनी वाचता येतो, एखादी कळ बदलता येते आणि ती ओळ पुन्हा त्याच रजिस्टरात घेता येते. मी दोन्ही मॅक्रो, चुकीचा आणि बरोबर, एका टिपणात उतरवून डावांच्या फाइलीशेजारी ठेवले आहेत. पुढच्या हंगामात हे काम करणाऱ्याला दोन्हींमधला फरक दिसला पाहिजे.

तारखा आणि किल्लेकोट

उरलेली दोन कामे लहान होती, पण त्यांत एक धोका दडलेला होता. फिडे या आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ महासंघाच्या नियमपुस्तकात किल्लेकोटाची (राजा आणि हत्ती एकाच वेळी हलवण्याची) चाल शून्यांनी लिहितात, ०-० किंवा ०-०-०, आणि मुलांना वर्गात तसेच शिकवले जाते. पीजीएनमध्ये मात्र तिथे शून्य नसून रोमन ‘ओ’ हे मोठे अक्षर लागते. दिसायला फरक जवळजवळ नाही. डाव वाचणाऱ्या प्रणालीला मात्र ती चाल कळेलच असे नाही. सरसकट बदल करायचा मोह होतो. सुदैवाने मी तो प्रत्येक ठिकाणी विचारून करण्याच्या रीतीने सुरू केला, आणि तिसऱ्याच थांब्यावर कर्सर चालीवर नसून तारखेवर होता : २०-०८-२०२३. वीस तारखेचे शून्य, संयोगचिन्ह आणि ऑगस्टचे शून्य मिळून तिथेही ०-० तयार होते. बदल रद्द केला आणि चौकटी कंसाने सुरू न होणाऱ्या ओळींपुरताच तो मर्यादित केला. आधी लांब किल्लेकोट बदलावा आणि मग आखूड, हा क्रमही पाळावा लागतो, नाही तर लांबाचे अर्धे रूप बदलून बसते.

तारखांसाठी मॅक्रोच बरा पडला. दिवस संयोगचिन्हापर्यंत कापून डी रजिस्टरात, महिना एम रजिस्टरात, वर्षाच्या टोकाला जाऊन टिंब, महिना, टिंब, दिवस. दोन्ही तुकडे स्वतंत्र नावाच्या रजिस्टरांत ठेवणे महत्त्वाचे आहे, कारण बिननावाच्या रजिस्टरात ठेवले तर मधले संयोगचिन्ह काढताच तेच रजिस्टर त्या चिन्हाने भरते आणि दिवसाच्या जागी संयोगचिन्ह उतरते. हा मॅक्रो वाटेत तीनदा अडला. दोन ठिकाणी तारखेत तिरक्या रेघा होत्या, म्हणून संयोगचिन्हापर्यंत कापण्याची आज्ञा फसली. एका ठिकाणी केवळ महिना आणि वर्ष होते. तिथे महिना दिवसाच्या रजिस्टरात गेला आणि दुसऱ्या कापणीला मॅक्रो खुंटला, पण कर्सर त्याच ओळीवर उभा राहिल्याने काय झाले ते समोरच दिसत होते. पीजीएनमध्ये माहीत नसलेल्या दिवसाच्या जागी दोन प्रश्नचिन्हे देता येतात, तशी दिली. शेवटी चार, दोन आणि दोन आकड्यांच्या तारखा मोजल्या तेव्हा ७९ निघाल्या. एक त्या प्रश्नचिन्हांची, आणि उरलेल्या तिन्हींत एक आकडी दिवस किंवा महिना होता, ज्याला मॅक्रो अडला नव्हता. तिथे शून्ये हाताने घातली.

सर्व ८३ डाव नंतर पीजीएन-एक्स्ट्रॅक्ट या प्रणालीतून काढले. ती प्रत्येक चाल पटावर खेळून पाहते आणि नियमात न बसणारी चाल दाखवते. सहा चाली तशा निघाल्या, सर्व टंकनाच्या, आणि त्या स्कोअरशीटवरून सुधारल्या. दुसरी मुद्रिते वर्गात नेली तेव्हा पाने वाटण्याआधी त्या मुलीला बोलावून तिचे पान दिले. तिने आधी माथ्यावरचा निकाल पाहिला, मग शेवटची ओळ, आणि मग इतरांना त्यांची पाने तपासायला मदत करू लागली.